परदेशातल्या गावकऱ्यांची वर्गणी गावच्या शाळेसाठी कशी आणावी?

खाडीकाठ
नमस्कार मंडळी. कोकणातल्या खेड तालुक्यातलं खाडीकाठचं गाव आहे. जिल्हा परिषदेची पहिली ते सातवीची शाळा, पट ५८, तीन खोल्या. फेब्रुवारी सरता सरता शाळेची विहीर तळाला जाते आणि मार्चपासून मुलं घरून बाटल्या आणतात. गणित-इंग्रजीला जादा माणूस हवा आहे.

गावचे ४१ जण आखातात आहेत: दुबई, शारजा, कुवेत, दोहा. ड्रायव्हर, एसी मेकॅनिक, वेल्डर, स्टोअरकीपर, दोघे-तिघे अकाउंटंट. इंग्लंडात पाच जण, त्यातल्या तिघांकडे ब्रिटिश पासपोर्ट. तीन कुटुंबं अमेरिकेत ग्रीन कार्डवर. शिवाय पणजोबांच्या काळात केपटाऊनला गेलेल्यांची दोन घरं अजून गावाशी धरून आहेत. वाडी आणि मोहल्ला दोन्हीकडच्यांनी मिळून दुबईत एक मंडळ काढायचं आणि माणशी महिना ५० दिरहम किंवा तेवढीच रक्कम जमवायची असं ठरतंय. म्हणजे नुसत्या आखातातून वर्षाला २४,६०० दिरहम.

विचारायचं ते असं. पैसे कुणाच्या खात्यावर घ्यावेत? काही जण मुख्याध्यापकांचं नाव घेतात, काही सरपंचांचं, काही म्हणतात कुणाच्या तरी भावाचं खातं चालेल. पाण्याला काय करावं? शिक्षक ठेवता येतो का? आणि दरवर्षी चार-पाच मुलं आयटीआय किंवा बारावी करून एजंटच्या मागे लागतात, त्यांच्यासाठी या पैशातून काही करता येईल का? काहींचा वेशीवर कमान बांधायचाही आग्रह आहे.

जमाखर्च
दुबईत मंडळ काढू नका. बाकी सगळं नंतर, आधी हे थांबवा. दोन कारणं आहेत.

पहिलं तिथलं. संयुक्त अरब अमिरातीत २०२१ च्या कायद्यानुसार देणग्या गोळा करायची मुभा फक्त परवानाधारक संस्थांना आहे. चार मित्रांनी खोलीवर बसून वही घालणं, व्हॉट्सॲपवर आवाहन टाकणं, हेही त्यात अडकू शकतं. माणूस पोटासाठी गेलेला असतो, गावच्या शाळेपायी त्याची नोकरी आणि व्हिसा पणाला लावायचा नाही. आवाहन करायचं ते गावातून, गावच्या ट्रस्टच्या लेटरहेडवर. तिथल्या कुणी दुसऱ्याकडून एक दिरहमही हातात घेऊ नये.

दुसरं इथलं. परदेशी योगदान नियमन कायदा २०१०, म्हणजे एफसीआरए. याखाली नोंदणी नसलेल्या संस्थेला परदेशी योगदान घेता येत नाही. यात परदेशात स्थापन झालेली किंवा नोंदलेली कुठलीही संस्था, क्लब, व्यक्तींचा समूह हा 'परदेशी स्रोत' धरला जातो. सगळे सभासद भारतीय पासपोर्टचे असले तरीही. म्हणजे मंडळ केलंत की भारतीय माणसाचा स्वच्छ पैसा तुम्ही स्वतःच्या हातानं परदेशी योगदान करून टाकता.

याउलट परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकानं स्वतःच्या बचतीतून, स्वतःच्या खात्यातून, बँकेमार्फत दिलेली रक्कम परदेशी योगदान ठरत नाही. म्हणून तुमच्या यादीची विभागणी देशावर नाही, पासपोर्टवर करा. आखातातले ४१: भारतीय पासपोर्ट, थेट देऊ शकतात. ग्रीन कार्डवाले: अजून भारतीय नागरिकच आहेत, थेट देऊ शकतात. इंग्लंडातले दोन भारतीय पासपोर्टवाले: तसंच. ब्रिटिश पासपोर्टचे तिघे आणि केपटाऊनची दोन घरं: यांचे पैसे परदेशी योगदान. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयांना भारत सरकार देतं ते) असलं तरी फरक पडत नाही. त्यांनी मुंबईतल्या एनआरओ, म्हणजे अनिवासींच्या रुपयांच्या खात्यातून रुपयांत दिले तरीही नाही, कारण कायदा पैसा कुठून आला यापेक्षा तो कुणाचा आहे हे पाहतो.

हा प्रश्न पुढे वाढणारच आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीत भारतात आलेल्या रकमांत अमेरिकेचा वाटा २७.७ टक्के निघाला, अमिरातीचा १९.२. आखातात नागरिकत्व सहसा मिळत नाही, त्यामुळे तिथला माणूस चाळीस वर्षांनीही भारतीयच परततो. पश्चिमेकडे गेलेल्याचा पासपोर्ट दहा-पंधरा वर्षांत बदलतो. म्हणून दरवर्षी एप्रिलमध्ये प्रत्येक देणगीदाराकडून पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची प्रत आणि 'मी आजही भारतीय नागरिक आहे, ही रक्कम माझ्या बचतीतली आहे' असं दोन ओळींचं पत्र घ्या. फाइल एकच ठेवा, आडनावाप्रमाणे लावलेली.

आता खातं. मुख्याध्यापक, सरपंच, कुणाचा भाऊ, तिघांचीही नावं विसरा. शिक्षक हा लोकसेवक आहे, त्याच्या वैयक्तिक खात्यात असा पैसा आला की एफसीआरएबरोबर सेवाशर्तींचाही प्रश्न येतो. सरपंच बदलतो. भावाच्या खात्यात आलेली रक्कम कागदोपत्री भावाची, ट्रस्टची नव्हे.

तुमच्या गावचं मुंबई मंडळ आहे का? कोकणातल्या बहुतेक गावांचं असतं आणि त्यातली बरीच सार्वजनिक न्यास अधिनियम १९५० खाली नोंदलेली असतात. असेल तर नवा ट्रस्ट काढू नका. पण त्यांच्या घटनेतली उद्दिष्टं वाचा. अनेकांत फक्त उत्सव आणि देवळाचा जीर्णोद्धार असतो. 'शिक्षण, पिण्याचं पाणी, आरोग्य' हे शब्द नसतील तर आधी घटनादुरुस्ती. विश्वस्त बदलले असतील तर बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात ९० दिवसांत द्यायचा असतो. मंडळांचं इथेच बिनसतं: कागदावर विश्वस्त म्हणून वारलेली माणसं असतात, बँक सह्या बदलून देत नाही, आणि खातं गोठतं.

खाडीकाठ
मुंबई मंडळ आहे, परळला बसतं, नोंदणीकृत आहे. घटना काढून बघतो. दोन शंका. ब्रिटिश पासपोर्टवाल्यानं भावाला भेट म्हणून पाठवले आणि भावानं ट्रस्टला दिले तर? आणि दुबईहून एक्स्चेंजमधून पाठवतात तसं पाठवलेलं चालेल ना?

जमाखर्च
पहिल्याचं उत्तर नाही. नातेवाइकाला घरखर्चासाठी पाठवणं वेगळं आणि ते कायदेशीरच आहे. पण मूळ परदेशी स्रोताकडून निघालेला पैसा एका किंवा अनेक हातांतून फिरून आला तरी तो परदेशी योगदानच, असं कायद्यात लिहून ठेवलंय. बँक स्टेटमेंटवर तारखा शेजारी-शेजारी दिसतात: सोमवारी लंडनहून आले, बुधवारी ट्रस्टला गेले. पुढे कुणी तक्रार केली तर विश्वस्त उत्तर काय देणार?

त्या पाच घरांना दूर ठेवायचं असं मात्र नाही. त्यांच्यासमोर तीन वाटा आहेत. एक, जिल्ह्यात स्वतः काम करणारी एफसीआरए नोंदणी असलेली संस्था शोधून तिला द्यावेत. ती संस्था ते पैसे पुढे तुमच्या ट्रस्टला देऊ शकत नाही, २०२० पासून बंदी आहे, पण ती स्वतः तुमच्या शाळेत काम करू शकते. दोन, ट्रस्टनं स्वतः नोंदणी घ्यावी. त्याला किमान तीन वर्षांचं काम आणि मागच्या तीन आर्थिक वर्षांत मूळ कामावर १५ लाख खर्च झालेला लागतो. शिवाय दिल्लीत स्टेट बँकेच्या संसद मार्गावरच्या मुख्य शाखेत वेगळं खातं आणि दरवर्षी विवरणपत्र. पाच घरांच्या देणगीसाठी एवढा पसारा करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तिसरी वाट मला सगळ्यांत आवडते: त्यांनी वेळ द्यावा. शनिवारी सकाळी व्हिडिओवरून इंग्रजी वाचन घेणं ही वस्तू नाही, चलन नाही, रोखे नाहीत. कायदा आड येत नाही. वस्तूंचं मात्र जपून. परदेशी नागरिकानं शाळेला दिलेला लॅपटॉपही योगदानातच मोजला जातो.

दुसरी शंका. एक्स्चेंजमधून घरी पाठवतो ती झटपट, रोख उचलायची सोय घरखर्चासाठी आहे. धर्मादाय संस्थांना देणगी त्या मार्गानं पाठवता येत नाही असं रिझर्व्ह बँकेचं बंधनच आहे. सोपा मार्ग म्हणजे ज्यानं त्यानं आपल्या एनआरई (परदेशातली कमाई ठेवायच्या भारतातल्या) खात्यातून ट्रस्टच्या चालू किंवा बचत खात्यात एनईएफटी करावं. बाहेरच्या बँकेतून थेट पाठवत असतील तर हेतू म्हणून पी१३०३, म्हणजे धर्मादाय संस्थेला देणगी, हा संकेतांक निवडायला सांगा. सवयीनं पी१३०१ निवडला तर तो कुटुंबाच्या उदरनिर्वाहाचा, आणि ट्रस्टच्या खात्यात तो आला की शाखा अडवते.

ट्रस्टचा क्यूआर कोड गावच्या ग्रुपवर टाकू नका. पाठवणाऱ्याचा पासपोर्ट कोणता ते कळत नाही, आणि चुलतभावानं प्रेमानं पाठवलेले शंभर पौंडांचे रुपये परत करायचा व्याप मागे लागतो. आणि हवाला सुचवणारा एक जण प्रत्येक गावात असतो. परकीय चलन कायद्याखाली गुंतलेल्या रकमेच्या तिप्पट दंड होऊ शकतो, शिवाय शाळेचं नाव त्यात येतं.

माणशी महिना ५० ऐवजी सहा महिन्यांनी एकदा ३०० घ्या. ४१ माणसांच्या वर्षाला ४९२ नोंदींऐवजी ८२ होतात, पावत्या आटोक्यात राहतात. ऐंशी-जीची, म्हणजे देणगीवरची आयकर सवलत हवी असा आग्रह आखातातून येईल. ज्याचं भारतात करपात्र उत्पन्नच नाही त्याला तिचा उपयोग नाही, हे आधीच सांगून टाका. गावात कुणी रोखीनं दिले तर २,००० रुपयांच्या वर सवलत मिळत नाही.

पन्हळ
पाण्याचं मी घेतो. बोअरवेलच्या नादाला लागू नका. खाडीकाठी बोअर मारली की पहिली दोन वर्षं गोडं, मग उपसा वाढला की खारं, असं बऱ्याच ठिकाणी होतं. जांभा सच्छिद्र असतो. पावसाचं पाणी त्यातून झिरपून उतारानं खाडीकडे निघून जातं, म्हणूनच धो धो पाऊस पडूनही विहीर मार्चला कोरडी. तुमच्याकडे पाणी कमी नाही, धरून ठेवायला भांडं नाही.

हिशोब मांडू. मुलं आणि शिक्षक मिळून ६० माणसं, प्यायला, हात धुवायला आणि पोषण आहाराला मिळून माणशी ५ लिटर, म्हणजे रोज ३००. मार्च ते शाळा सुटेपर्यंत कामाचे साधारण ५० दिवस. १५,००० लिटर झाले. वर थोडी जागा धरून २०,००० ची टाकी पुरते. शौचालयाचं पाणी यात धरू नका, त्याला वेगळी सोय करा. छप्पर किती आहे? तीन खोल्या आणि पडवी मिळून १२० चौरस मीटर धरलं आणि पाऊस ३,००० मिलिमीटर, वाया जाणारा पाचवा हिस्सा सोडला तरी २ लाख ८८ हजार लिटर होतात. म्हणजे टाकी चौदा वेळा भरेल. छपराची चिंता नाही.

टाकी फेरोसिमेंटची (लोखंडी जाळीवर सिमेंटचा गिलावा) गोल बांधा, आतला व्यास ३.६ मीटर, उंची २ मीटर. गोल टाकीत पाण्याचा दाब सगळीकडे सारखा वाटला जातो, चौकोनी टाकीला कोपऱ्यात चिरा जातात. खाली मुरूम ठोकून १५० मिलिमीटरचं काँक्रीट. जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळावर थेट बांधली तर एका बाजूला खचते. जवळ वड-पिंपळ नको. गिलाव्यानंतर किमान १४ दिवस ओलं गोणपाट. गवंडी तीन दिवसांत काढून दुसऱ्या कामाला जातो, तिथे कुणीतरी रोज उभं राहिलंच पाहिजे. टाकी कधीही पूर्ण कोरडी ठेवायची नाही, वैशाखाच्या उन्हात बारीक तडे जातात. वीतभर पाणी तळाला असू द्यावं.

पन्हळीला १६० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप उभा चिरून वापरा, दर मीटरला १ सेंटिमीटर उतार, दर ६० सेंटिमीटरला लोखंडी पट्टीचा आधार. आधार लांब ठेवले की पाण्याच्या वजनानं पन्हळ मध्ये पोट काढते आणि पाणी काठावरून सांडतं. माकडं पन्हळीला लोंबकळतात, म्हणून पट्टी स्क्रूनं नव्हे, नटबोल्टनं कसा. छप्पर सिमेंटच्या जुन्या पत्र्याचं असेल तर ते पाणी पिऊ नका, शौचालयाला वापरा. मंगलोरी कौलं चालतात, पण शेवाळ मे महिन्यात घासून काढावं लागतं.

जूनचे पहिले दोन-तीन पाऊस टाकीत घेऊच नयेत. खाली येणाऱ्या पाइपाला एक टी आणि झाकण ठेवा, झाकण उघडं म्हणजे पाणी बाहेर. पावसाळ्यात टाकी वापरत राहा. सप्टेंबरअखेरीच्या पावसात ती काठोकाठ भरून घ्या, टीसीएल (ब्लीचिंग पावडर) घाला आणि नळाला कुलूप लावा. हे कुलूप सगळ्यात महत्त्वाचं. डिसेंबरात स्नेहसंमेलन किंवा लग्न आलं, कुणी नळ उघडला, आणि मार्चला टाकी रिकामी. किल्ली दोघांकडेच.

टीसीएलचं प्रमाण: ताज्या पावडरीचं दर १,००० लिटरला ५ ग्रॅम, २०,००० ला १०० ग्रॅम. बादलीत कालवून गाळ बसू द्यायचा, वरचं नितळ पाणीच ओतायचं. क्लोरीन मार्चपर्यंत टिकत नाही, म्हणून टाकी उघडताना पुन्हा मात्रा आणि मग दर आठवड्याला ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यातला क्लोरीन तपासायची चाचणी. अर्ध्या तासानं पिवळी छटा आली पाहिजे, दर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम. कोकणातल्या दमट हवेत उघडी ठेवलेली पावडर मरते, तिचा वास गेला म्हणजे ती फेका. ओव्हरफ्लोला बारीक जाळी हवी, नाहीतर टाकीतच डासांची पैदास होते.

आणि बांधायच्या आधी परवानगी. जागा आणि इमारत जिल्हा परिषदेची आहे. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, मुख्याध्यापकांचं पत्र, गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांची लेखी मान्यता, आणि नकाशावर बांधकाम विभागाच्या अभियंत्याची सही. हे न करता बांधलेली टाकी नवी खोली मंजूर झाली की सरळ पाडली जाते. ठेकेदाराचे शेवटचे १० टक्के एक अख्खा पावसाळा आणि त्यानंतरचा एक उन्हाळा गेल्याशिवाय द्यायचे नाहीत, हे करारातच लिहा. काम दिवाळीनंतर सुरू करून फेब्रुवारीत संपवा.

पाटीपेन्सिल
शिक्षकाबद्दल. जिल्हा परिषदेच्या शाळेत ट्रस्ट शिक्षक नेमू शकत नाही. शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावानं, मुख्याध्यापकांच्या देखरेखीखाली स्वयंसेवक मदतनीस देता येतो. 'नियुक्ती' हा शब्द कुठल्याच कागदावर येऊ देऊ नका, पुढे कायम करण्याची मागणी उभी राहते आणि त्या मदतनीस मुलीचीही फसगत होते. पत्रात मानधन, कालावधी जून ते एप्रिल, आणि विषय एवढंच. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी आधी. मानधन ट्रस्टच्या खात्यातून तिच्या खात्यात, दरमहा ठरल्या तारखेला. गावातलीच डी.एड. झालेली सून किंवा मुलगी मिळाली तर उत्तम, बाहेरची व्यक्ती पावसाळ्यात खाडीकाठी टिकत नाही.

पैशाचा हिशोब लांबचा करा. दरमहा ८,००० प्रमाणे ११ महिने म्हणजे ८८,०००. हे चालू वर्गणीतून भागवत गेलात तर ज्या वर्षी आखातात कामं मंदावतील त्या वर्षी मदतनीस बंद. साडेसहा टक्के व्याज धरलं तर ८८,००० साठी साडेतेरा लाखांची ठेव लागते. पहिल्या तीन वर्षांत टाकी झाल्यावर उरलेलं सगळं मूळ निधी म्हणून ठेवा. त्यासाठी देणगीदाराचं 'ही रक्कम मूळ निधीसाठी' असं लेखी पत्र लागतं, नाहीतर ती चालू उत्पन्नात धरली जाते आणि आयकराची ८५ टक्के खर्च दाखवायची अट लागू होते. जमाखर्च, चुकत असेल तर सांगा.

कमानीबद्दल माझं मत ठाम आहे: या निधीतून नको. ज्यांना हवी त्यांनी वेगळी वर्गणी काढावी.

आता जे कुणी विचारलं नाही ते. पट ५८ आहे, पण पहिलीत किती आहेत? आखातात आणि मुंबईत माणसं गेली की मुलंही जातात, आणि पट २० च्या खाली गेला की शाळेवर टांगती तलवार. दुसरीकडे तुमच्याच गावात आंब्याच्या बागांत नेपाळी कुटुंबं असतील, बांधकामावर आणि चिरेखाणीत विजापूर-कलबुर्गीकडची असतील. तुमचे गावकरी दुबईत जे करतात तेच ही माणसं तुमच्या गावात करतात. त्यांची मुलं शाळेत आहेत का? शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, वर्षाच्या मध्येही प्रवेश द्यावा लागतो, आणि वयानुरूप वर्गात बसवावं लागतं. दुसऱ्या जिल्ह्यात निघताना शिक्षण हमी कार्ड द्यायचं म्हणजे पुढच्या शाळेत त्यांना बसता येतं.

अडचण दोन ठिकाणी येते. संचमान्यतेसाठी, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर हे ठरवताना ३० सप्टेंबरचा पट धरतात आणि बरीचशी कुटुंबं दिवाळीच्या आगेमागे येतात, म्हणून ती मोजणीत येत नाहीत. जी वर्षभर राहतात ती तरी त्या तारखेआधी नोंदवा. दुसरी अडचण आधारची. पडताळणी झालेल्या आधारशिवाय शिक्षण खात्याच्या पोर्टलवर मूल मोजलं जात नाही. नेपाळी नागरिकांनाही १८२ दिवसांच्या वास्तव्यानंतर आधार काढता येतं, पण पालकांचा कामाचा दिवस बुडतो आणि खेडपर्यंतचं भाडं परवडत नाही. ट्रस्टनं एक दिवस जीप ठरवून सगळ्यांना घेऊन जावं. निधीतला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी खर्च हाच असेल. मदतनीस मुलीनं पहिले दोन महिने या मुलांना मराठी बोलायला शिकवणं हेच तिचं मुख्य काम धरा.

जमाखर्च
मूळ निधीचं बरोबर आहे. ठेव राष्ट्रीयीकृत किंवा शेड्यूल्ड बँकेत, पतपेढीत नको. दोन सह्या ठेवा: एक गावात राहणाऱ्याची, एक मुंबईतल्याची. आखातातल्या एकाला फक्त बघण्यापुरता ऑनलाइन प्रवेश द्या आणि दर महिन्याचं स्टेटमेंट सगळ्यांना पाठवा. पैसे देणारा लांब असतो, त्याला विश्वास कागदावरच मिळतो.

वाटखर्ची
जाणाऱ्या मुलांसाठी. रोख मदत किंवा उसने देऊ नका, वसुलीवरून भावकीत भांडणं होतात. ट्रस्टनं थेट प्रशिक्षण संस्थेची फी भरावी. वेल्डरला ६जी चाचणीचा सराव, म्हणजे ४५ अंशात तिरक्या बसवलेल्या पाइपाची चारी बाजूंनी वेल्डिंग. ती येणाऱ्याच्या आणि न येणाऱ्याच्या पगारात मोठं अंतर असतं. एसीवाल्याला तांब्याच्या नळीचं ब्रेझिंग (डाग देऊन जोडणं) आणि गॅस भरणं. सौदीला जायचं तर बऱ्याच ट्रेडना इथेच कौशल्य पडताळणी परीक्षा द्यावी लागते.

गावात दरवर्षी मे महिन्यात, सुट्टीवर आलेले लोक असताना, एक दिवस कागद तपासायला ठेवा. काय बघायचं ते सांगतो.

पासपोर्ट. दहावी पास नसेल तर त्यावर ईसीआर (परदेशी नोकरीला मंजुरी आवश्यक) असा शिक्का असतो, आणि आखातासह १८ देशांत नोकरीला जाताना प्रवासी संरक्षक या सरकारी अधिकाऱ्याची मंजुरी लागते. दहावीची मार्कशीट असूनही अर्ज करताना न जोडल्यामुळे ईसीआर बसलेली मुलं असतात, ते आधी दुरुस्त करून घ्या.

एजंट. सरकारच्या ईमायग्रेट संकेतस्थळावर परवाना क्रमांक टाकून बघा, चालू आहे की निलंबित. मुंबईतल्या परवानाधारकाचा 'माणूस' म्हणून गावात फिरणारा जो असतो त्याला स्वतःचा परवाना नसतो. सेवाशुल्काची कमाल मर्यादा ३०,००० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ३५,४००. ते बँकेतून भरा आणि पावती घ्या. लाख-दीड लाख मागणारा व्हिसा विकत असतो. अमिरातीत भरतीचा खर्च कामगाराकडून घ्यायला मालकाला २०२१ च्या कामगार कायद्यानं मनाई आहे, हे मुलांना पाठ असू द्या.

व्हिजिट व्हिसावर जाऊन तिथे काम शोधतो म्हणणाऱ्याला थांबवा. मंजुरी नाही, करार नाही, विमा नाही. ईसीआरवाल्यांसाठी प्रवासी भारतीय बीमा योजना सक्तीची आहे: दोन वर्षांना २७५ रुपये, तीन वर्षांना ३७५, त्यावर कर, आणि अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाला १० लाख. पॉलिसीची प्रत आईकडे किंवा बायकोकडे हवी. ती मुलाच्या फोनमध्येच राहिली तर घरच्यांना दावा करता येत नाही. करार संपून पुन्हा गेला की नूतनीकरण विसरू नये.

वैद्यकीय. एजंटला पैसे द्यायच्या आधी छातीचा एक्स-रे खेड किंवा चिपळूणला काढून घ्या. लहानपणी क्षय होऊन बरा झाला असला तरी फुप्फुसावरचा डाग दिसतो आणि आखाताच्या तपासणीत 'अनफिट' येतं. तोवर निम्मे पैसे गेलेले असतात.

प्रमाणपत्रं. सौदी, ओमान, बहारीनला अपोस्टिल चालतं. अमिराती, कतार, कुवेतला परराष्ट्र मंत्रालयानंतर त्यांच्या दूतावासाचा शिक्काही लागतो. आयटीआयच्या प्रमाणपत्रावरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव अक्षर न अक्षर जुळलं पाहिजे. वडिलांचं नाव एकात आहे, दुसऱ्यात नाही, एवढ्यावर फाइल परत येते.

करारात मूळ पगार आणि भत्ते वेगळे लिहिलेत का ते बघा. अमिरातीत नोकरी सुटताना मिळणारी रक्कम मूळ पगारावर निघते, म्हणून १,५०० चा एकूण पगार दाखवून मूळ ६०० लिहिणारे असतात. आणि तिथे संकट आलं तर भारतीय दूतावासाकडे सामुदायिक कल्याण निधी असतो. परतीचं तिकीट, तात्पुरता निवारा, पार्थिव आणण्याचा खर्च त्यातून होऊ शकतो. तक्रार परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर नोंदवावी, ती गावातूनही नोंदवता येते. मदतनीस मुलीला ते करायला शिकवून ठेवा.

खाडीकाठ
सर्वांचे आभार. मुंबई मंडळाची घटना मिळाली, उद्दिष्टांत उत्सव आणि 'गावाची सर्वांगीण उन्नती' एवढंच आहे. हे पुरेल का? आणि छप्पर निम्मं कौलाचं, निम्मं जुन्या सिमेंट पत्र्याचं आहे.

जमाखर्च
'सर्वांगीण उन्नती' मोघम आहे, आयकर नोंदणीच्या वेळी त्यावर प्रश्न येतो. शिक्षण आणि पाणी स्पष्ट लिहून घ्या. सर्वसाधारण सभेची नोटीस घटनेत दिली असेल तितक्या दिवसांची काढा, ठरावावर उपस्थितांच्या सह्या घ्या आणि मग धर्मादाय कार्यालय. गणपतीत सगळे गावी असतात, सभा तेव्हाच ठेवा. मोहल्ल्यातलं किमान एक नाव विश्वस्तांत याच सभेत घ्या.

पन्हळ
फक्त कौलांच्या बाजूची पन्हळ टाकीला जोडा. ६० चौरस मीटरवर १ लाख ४४ हजार लिटर येतात, तरी टाकी सात वेळा भरते. पत्र्याच्या बाजूचं पाणी शौचालयाच्या वेगळ्या टाकीत घ्या, आणि दोन पाइप कुठेही एकमेकांना जोडलेले नाहीत हे पहिल्या पावसात उभं राहून बघा.